ब्रेकच लागला नाही

बाबांनी सोसायटीच्या गेटचा डावा खांब ठोकला, तेव्हापासून गाडीची किल्ली माझ्याकडे आणि घरात रोज तेच भांडण. "ब्रेकच लागला नाही," ते म्हणायचे. "तुम्हाला खांबच दिसला नाही," मी म्हणायचे. त्यांना काचबिंदू आहे, त्यात आधी कडेची नजर जाते. पण समोर धरलेला पेपर ते अजून घडाघडा वाचतात आणि तोच पुरावा माझ्या तोंडावर फेकतात. माझं ऑफिस, त्यांचे डॉक्टर, त्यांची पेन्शनची बँक, सगळीकडे मीच ड्रायव्हर. जीव मेटाकुटीला आला होता.

मग एकदा बाबा शेजारी असताना इंदिरानगरच्या बोगद्याजवळ माझ्याच पायाखाली ब्रेकचं पेडल हळूहळू तळाला गेलं. गाडी कशीबशी गॅरेजला नेली. ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेलाय, आतली रबरं कधीची झिजलीत, असं गॅरेजवाला म्हणाला. बाबांनी केस जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "किल्ली आण इकडे," म्हणाले. मी दिली. वाद घालायचंही त्राण नव्हतं.

नवा सिलिंडर बसला. आता ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची, तर पेडल मारायला माणूस हवा. बाबा हक्काने स्टिअरिंगमागे बसले, मी शेजारी. मागची चाकं झाली. गॅरेजवाला पुढच्या डाव्या चाकाशी बसला आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याने ग्राइंडर सुरू केला. ओरडलेलं ऐकू येईना. म्हणून ठरलं, हात वर केला की पेडल दाबून धरायचं, खाली केला की सोडायचं.

हात वर झाला. बाबा आपले पेडल मारतच राहिले.

गॅरेजवाला उठून खिडकीशी आला. "काका, धरायचं होतं ना! लय हवा घुसली परत."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा मी बाबांकडे पाहिलं. डोळे ताणून ते समोर बघत होते, हाताची वाट बघत. हात त्यांच्या डावीकडे केव्हाचा वर होता.

"धरा," मी त्यांच्या कानाशी म्हटलं. त्यांनी धरलं. "सोडा." त्यांनी सोडलं. उरलेलं काम तसंच झालं.

पेडल आता कडक लागत होतं. गॅरेजवाला हात पुसत म्हणाला, "काका, एक चक्कर मारून बघा."

बाबा खाली उतरले. बॉनेटवर हात ठेवत ठेवत माझ्या दाराशी आले, किल्ली माझ्या मांडीवर ठेवली. "सरक तिकडे," म्हणाले.

हे भांडण जिंकायची मी किती वाट पाहिली होती. आता वाटत होतं, त्यांनी निदान एकदा तरी किल्ली परत मागावी.