हेतल डोर्लेकरचं शिफारसपत्र

२००३ सालच्या डिसेंबरात हेतल डोर्लेकर रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला कोचीच्या एका संस्थेत सागरी जीवशास्त्राचं एम.एस्सी. करायचं होतं. जागा मोजक्या आणि अर्ज देशभरातून. बँकेचा ड्राफ्ट चुकीच्या शाखेच्या नावाने निघाला म्हणून दुसऱ्यांदा काढावा लागला. झेरॉक्सवर शिक्का मारणारे साहेब कधी जेवायला गेलेले, तर कधी लग्नाला. तेही पार पडलं. अडलं ते शिफारसपत्रापाशी.

विभागप्रमुख अस्लम मुकादम यांनी तिला सांगितलं, "तू लिहून आण, मी सही करतो." कॉलेजात तशीच रीत होती. पत्र सरांचं, लिहायचं मात्र विद्यार्थ्याने.

हेतलने लिहून आणलं. ही विद्यार्थिनी वर्गात नियमित येते, प्रयोगशाळेतलं काम ठीक करते, पूर्णगडच्या खाडीतल्या तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांवर तिने थोडं काम केलं आहे.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, ही शिफारस आहे की तक्रार? वर्षभर दर ओहोटीला चिखलात उतरलीस ते काय थोडं काम?"

"बरं केलंय, सर."

"बरं नाही, चांगलं. लिही, चांगलं."

तिने घरी नव्याने लिहिलं आणि आईवडिलांना मराठीत वाचून दाखवलं. वडील गुणाजी खारवी समाजातले मासेमार, पूर्णगडला स्वतःची होडी. होडी भरून आली तरी किनाऱ्यावर कुणी विचारलं की ते सांगत, "हाय, खायपुरती." गावातला प्रत्येकजण हेच सांगतो. मासळी मिळाली असं बोलून दाखवलं की उद्या मिळत नाही, यावर तिथे वाद होत नाही.

"येवडा कशाला लिवलास गो?" गुणाजी म्हणाले. "अजून हातात काय तरी हाय काय? काढ ता."

आई बकुळाचंही तेच मत पडलं. 'चांगलं' गेलं, 'बरं' परत आलं. पुढचा आठवडा असाच गेला. सर पावसमार्गे जाणाऱ्या एसटीने पत्र पूर्णगडला पाठवत, पूर्णगड त्यातलं निम्मं खोडून रत्नागिरीला परत पाठवी. अर्जाची मुदत जवळ आली तसे सर चिडले. त्यांनी हेतलसोबत तूबा होडेकरलाही बोलावलं. तूबा तिच्याच वर्गातली, राजिवड्याची. तीही त्याच संस्थेत अर्ज करत होती.

"हिला स्वतःविषयी लिहिता येत नाही," सर म्हणाले. "तू हिचं लिही. आणि हेतल, तू हिचं लिही. उद्या सकाळी मला दोन्ही पाहिजेत."

"सर, मी हिला थेट अवकाशात पाठवते," तूबा म्हणाली.

आणि तिने पाठवलं. तिच्या पत्रात हेतल अत्यंत हुशार, अत्यंत कष्टाळू आणि समुद्राची लेक होती. सरांनी 'समुद्राची लेक' काढली, बाकीचं राहू दिलं. वेळच नव्हता.

हेतलने तूबाविषयी लिहिलं होतं ते असं: मिरकरवाड्याच्या जेटीवर तांडेल, म्हणजे होड्यांचे प्रमुख, परक्या माणसाला उभं करत नाहीत. ही मुलगी तिथे बसून, त्यांच्या शिव्या ऐकून, कोणती मासळी जाळ्यातून काढून फेकली जाते याची नोंद ठेवते. एकदा दोन जाती ओळखण्यात तिची चूक झाली. ती कुणाच्या लक्षात आली नव्हती, पण तिने त्या महिन्याची सगळी नोंद रद्द करून नव्याने केली.

हे पत्र सरांनी दोनदा वाचलं. एकही शब्द न बदलता सही केली.

मे महिन्यात मुलाखतीचं बोलावणं तूबाला आलं. हेतलला आलं नाही. दोघींचे मार्क जवळजवळ सारखे होते. पत्रामुळेच असं झालं हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही. मुकादम सर मात्र खात्रीनेच बोलत.

"स्पर्धा कुणाशी होती हे तरी लक्षात होतं का तुझ्या?"

"होतं, सर. पण ते सगळं खरं होतं."

"मग तुझं काय खोटं आहे?"

वर्षभर ती पावसच्या एका शाळेत बदली शिक्षिका म्हणून विज्ञान शिकवत राहिली. डिसेंबरात पुन्हा तोच अर्ज, तोच ड्राफ्ट, झेरॉक्सवर शिक्का मारणारे तेच साहेब. या वेळी ती शिफारसपत्र घरून लिहून घेऊन आली नाही. सरांच्या स्टाफरूममध्ये बसली आणि तूबाचं लिहिलं होतं तसं, केलेलं काम तेवढं एकापाठोपाठ एक मांडलं. नावाच्या जागी स्वतःचं नाव घालताना थांबली. सर पेपर तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घरी गुणाजींनी विचारलं, "काय लिवलास?"

"सरांनी लिवलाय," ती म्हणाली.

सरांनी लिहिलेल्यात खोडाखोड करायची गुणाजींची हिंमत नव्हती.

मे महिन्यात बोलावणं आलं. मुलाखत झाली आणि जुलैत प्रवेश मिळाला. एर्नाकुलम स्टेशनवर तूबा तिला घ्यायला आली होती. हेतलने दोन्ही बॅगा खाली ठेवल्या आणि एक तिच्याकडे सरकवली.

"मी सीनियर आहे," तूबा म्हणाली. "उचल तुझी तूच."