डाव्या हाताचं काम

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्वदीर्घ चुकेल, माफी असावी. पण राग आवरत नाही.

"वहिनी, ऑटोमॅटिकच घ्या. बायकांना डोकं लावायला नको," जीप विकणारा म्हणाला. आमचे हे हसले आणि बुकिंगचे पैसे भरून मोकळे झाले. कच्च्या घाटातून दुधाचे कॅन मात्र मी उतरवते. उतारावर पहिला गिअर गाडीला धरून ठेवतो, ते माझ्या डाव्या हाताला समजतं. सोपं करून देतो म्हणत प्रत्येकाने माझ्या हातातलं काहीतरी काढून घेतलं. "पोरीला कशाला त्रास," म्हणून चौथीनंतर शाळासुद्धा.

आज शोरूमला एकटी गेले.

"मला गिअरची हवी. हे बुकिंग रद्द करा."

"साहेबांना विचारलंत?"

"गाडी मी चालवते."

मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी त्याने एक रुपयाही न कापता सगळे पैसे परत दिले.