भाताची फुगलेली पाकिटं

साजगावच्या आमच्या कारखान्यात शिजवलेल्या भाताची पाकिटं भरतात. तिथल्या प्रयोगशाळेत मी जंतू तपासते. गेल्या वर्षी पाकिटं फुगायला लागली, तेव्हा साहेबांनी पहिल्याच बैठकीत तांदळावर बोट ठेवलं. तांदूळ पोशीरहून यायचा, माझ्या सख्ख्या काकाकडून. साहेब बोलत होते तांदळाबद्दल, पण बघत होते माझ्याकडे. माल त्याच दिवशी थांबवला.

संशय मलाही होताच. काही जिवाणू स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू होतात आणि उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. तांदळात असे बीजाणू नेहमीच सापडतात. पाकिटातले तेच का, एवढं बघायचं होतं.

मी तांदळातून, फुगलेल्या पाकिटातून आणि भरणी मशीनच्या सांध्यातल्या रबरी गॅस्केटखालून, जिथे भाताचा चिकटा साचतो, बाटल्यांत नमुने घेतले. तिन्हींतले बीजाणू सारखेच वाढवले, धुतले, वाळवले आणि अवरक्त किरणांच्या यंत्रात ठेवले. बीजाणू कोणते किरण किती शोषतात, त्याची वळणावळणाची रेषा पडद्यावर उमटते, आणि प्रत्येक प्रकारच्या जिवाणूची रेषा थोडी निराळी असते.

साहेब खुर्ची ओढून शेजारीच बसले. पाकिटाची रेषा गॅस्केटच्या रेषेवर बरोबर बसली. तांदळाची बाजूलाच राहिली.

"बाटल्यांवर नावं कोणी घातली?"

"मीच, सर."

"मग पुन्हा करा. नमुने मी घेईन. कुठली बाटली कशाची, ते तुम्हाला सांगणार नाही."

राग आला, पण त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. दुसऱ्यांदा बाटल्यांवर नुसते आकडे होते. रेषा निघाल्यावर साहेबांनी खिशातली चिठ्ठी काढून ताडून पाहिली. मग फोन उचलला, "गॅस्केट बदला," म्हणाले आणि निघून गेले. मला एक शब्द नाही.

रविवारी पोशीरला गेले. काका ओटीवर बसला होता.

"माल तूच थांबवलास ना गं?"

"नाही काका, उलट माझ्यामुळेच सुटला. तपासून दाखवलं मी."

"तपासलास? म्हंजे तुलाबी भरवसा नव्हता."

काकूने चहा आणला, तो मी घेतला.

पाकिटं फुगायची थांबली, तांदळाची ऑर्डर पुन्हा सुरू झाली. हल्ली काकू घरी न्यायला तांदूळ बांधून देते, तेव्हा काका म्हणतो, "मशिनीत घालून बघ हां आदी." तो हसतच म्हणतो. पण त्याच्या तोंडाकडे बघून मला काही खात्री वाटत नाही.