प्रणालीची डिलिव्हरी

एका अविवाहित मुलीच्या आईला मी स्वतः तिच्या गावी जाऊन सांगून आले होते, की तुमच्या लेकीचं बाळंतपण शुक्रवारी आहे. मुलीला काही झालेलं नव्हतं. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते. आज सदुसष्टाव्या वर्षी मला पुष्कळ अक्कल आली आहे, पण तेव्हा पोरवयच म्हणायचं.

माझा जन्म नर्सच्या नोकरीत गेला. जळगाव जामोद तालुक्यातल्या कितीतरी बाप्यांना मी उलटं धरून पहिल्यांदा रडवलं आहे. माझं निदान चुकत नाही, हे मी कोणी न विचारताही सांगत असे. निवृत्त झाल्यावर घराची वरची खोली भाड्याने दिली, ती प्रणालीला. पोरगी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली, पुण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारी. कोरोना ओसरला तरी कंपनी घरून काम करू देत होती. तिच्या गावात मात्र फोनला रेंज नव्हती, म्हणून ती तालुक्याच्या गावी राहायला आली. वडील नव्हते. पोरीने एकटं राहू नये असं तिच्या मामाचं म्हणणं. त्याच्याशी भांडून आईने तिला पाठवलं होतं.

दिवसभर ती कानाला यंत्र लावून शुद्ध मराठीत, हिंदीत, इंग्रजीत बोलायची. संध्याकाळी ते यंत्र काढलं, की तिचं वऱ्हाडी सुरू. चहाचा कप घेऊन गच्चीच्या कठड्याला टेकायची आणि म्हणायची, "काकू, आता मी माह्या तोंडानं बोलतो." पुण्यात पहिल्या दिवशी ती 'मले' म्हणाली, तेव्हा शेजारची मुलगी हसली होती म्हणे. "मग तुला राग नाही आला?" मी विचारलं. "राग काऊन येईन? तिले तिची एकच मराठी येत होती. मले दोन येतात."

शहराबद्दल ती रोज काहीतरी सांगायची. "पुण्यात दारावर नावाची पाटी असते, पण आत कोण राह्यते ते शेजारच्याले माहीत नसते. आपल्याकडं पाटी नसते, पण आपल्या पोटात काय शिजलं ते आपल्या आधी लोकायले माहीत." मी यावर मान डोलावून हसले होते. त्या 'लोकां'त मी मोडते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

तिची एक जोखण्याची रीत होती. नवा रस्ता महिन्यात उखडला, की म्हणायची, "टेस्टिंग केलं नाही." त्यांच्या धंद्यात म्हणे, काही बनवलं की आधी आपणच मोडून पाहायचं आणि मगच लोकांच्या हातात द्यायचं. नगरपालिकेची निवडणूक लागणार अशी हवा होती, तेव्हा एक इच्छुक उमेदवार दारी आला आणि आपली संस्कृती कशी धोक्यात आहे यावर बोलू लागला. प्रणालीने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, संस्कृती पाहून घेऊ आमी. नळ किती दिवसाआड येते, ते सांगा." त्याने शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहिलं. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "पाह्यलं काकू? याचंही टेस्टिंग झालेलं नाही."

तर त्या आठवड्यात मी जिना झाडत होते. दार अर्धं उघडं. आतून आवाज आला, "नाही सर, शुक्रवारीच डिलिव्हरी आहे, आता पुढे ढकलता येणार नाही. सकाळपासून त्रास होतोय. अजून कोणाला दाखवलेलं नाही. मी एकटीच आहे, पण निभावून नेईन."

हातातला झाडू तसाच राहिला. नर्सच्या कानाला डिलिव्हरी एकाच प्रकारची माहीत असते. आता तुम्ही म्हणाल, नऊ महिन्यांचं पोट तुला दिसलं नाही? नाही दिसलं. पण ती सैल कुडते घालायची, आणि एखादीचं पोट शेवटपर्यंत दिसत नाही, हा माझा अनुभव. डोळ्यांपेक्षा अनुभवावर विश्वास ठेवण्याइतकी मी हुशार होते.

गुरुवारी सकाळी मी पहिली बस धरली, मध्ये एका फाट्यावर उतरून दुसरी धरली. प्रणालीची आई अंगणात शेजारणींसोबत तूर निवडत होती. मी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. म्हणजे मला ते हळू वाटलं. माझा आवाज बाळंतिणींना कळा द्यायला सांगून तयार झालेला. शेजारणींची सुपं थांबली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आईने एवढंच विचारलं, "सिस्टरबाई, पक्कं ना?" मी म्हणाले, "माझं निदान चुकत नाही."

शुक्रवारी दुपारी आई आणि मामा येऊन थडकले. मी त्यांच्या मागून वर गेले. प्रणाली कानाला यंत्र लावून बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि थांबा म्हणून हात वर केला. आम्ही तिघं भिंतीला लागून उभे. बऱ्याच वेळाने ती खुर्चीला पाठ टेकून म्हणाली, "झाली डिलिव्हरी सर. नाही, काही त्रास नाही."

आईने खाटेकडे पाहिलं.

सॉफ्टवेअर पुरं करून गिऱ्हाइकाच्या हवाली करणं, याला त्यांच्यात डिलिव्हरी म्हणतात. सकाळपासूनचा तो त्रासही सॉफ्टवेअरचाच होता. हे प्रणालीने आईला समजावलं, तेव्हा मला कळलं. पण मामाला ते कळूनही उपयोग नव्हता. "चूक सिस्टरबाईची असंन. पण गावात बोभाटा झाला. बॅग भर."

"मामा, बिघाड एकीकडं आन् बंद दुसरीकडंच करून राह्यले तुमी," प्रणाली म्हणाली. गावी गेली, की रेंज नाही. रेंज नाही, की नोकरी नाही. मामाने रविवारपर्यंतची मुदत दिली आणि तो आईला घेऊन गावी परतला.

रविवारी मी पुन्हा त्या दोन गाड्या बदलून गेले. त्याच अंगणात बसले, शेजारणींना बोलावून घेतलं, मामालाही. आणि सांगितलं, की माझं निदान चुकत नाही असं मी जन्मभर सांगत आले, ते चुकलं. पोरीला न तपासता, न विचारता मी बाळंत केलं. मग एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "म्हंजे सिस्टरबाई कंपूटरचं बाळंतपण कराले निंगाल्या होत्या." अंगण हसलं. त्या हसण्यात आई मामाकडे वळली. "पोरगी तिथंच राहीन," ती म्हणाली. मामाने टोपी झटकली आणि उठला.

प्रणाली माझ्याकडे आणखी वर्षभर राहिली. तसाच चहा, तसंच टेस्टिंग. झाल्या प्रकाराबद्दल तिने चकार शब्द काढला नाही, माझ्यावर रुसली नाही. दुसरी असती, तर खोली सोडून गेली असती. ती राहिली, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत. आता सून आणि नात माझ्याजवळ असतात, लेक बाहेरगावी नोकरीला. सून फोनवर कोणाशी चढ्या आवाजात बोलली, तर मी लेकाला काही कळवत नाही. आधी सुनेला विचारते. नातीच्या शाळेचंही नातीलाच विचारते. सून म्हणते, आई फार बदलल्या. तिला काय माहीत, मला कोणी बदललं.

कंपनीने पुण्याला बोलावलं, तेव्हा मी प्रणालीला बस स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली. सामान चढवून ती खिडकीशी बसली, माझा हात धरला आणि म्हणाली, "काकू, माह्या मायले सांगाले तुमी दोन गाड्या बदलून गेल्या. मले विचाराले चौदाच पायऱ्या होत्या."