दुखायचं थांबलं तेव्हा

"दुखत नाही," म्हणत तो अमेरिकन तरुण टेबलावर उठून बसला आणि लगेच पोट धरून वाकला.

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. राहात्याच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात मी सर्जन होतो. त्या तरुणाला, डेव्हिडला, शिर्डीहून टांग्यात घालून त्याची मैत्रीण अ‍ॅन घेऊन आली होती. ती इंग्लंडची.

मी त्याच्या पोटाची उजवी बाजू हळूच दाबली आणि हात झटकन काढला. हात काढताना कळ आली, तर आतल्या आवरणापर्यंत सूज पोचली असं समजायचं. तो ओरडला.

"अपेंडिक्स आहे. आजच ऑपरेशन करावं लागेल."

"नको. गोळ्या द्या."

अ‍ॅनने मला बाजूला नेलं. "याच्या वडिलांच्या ऑपरेशनपायी त्यांचं अमेरिकेतलं घर विकलं गेलं. आमच्याकडे इंग्लंडात हॉस्पिटलात पैशाचं कोणी विचारत नाही, सरकार भरतं. ते त्याला खरंच वाटत नाही."

मी त्याला म्हणालो, "इथं शे-दीडशे रुपये होतील. नसले तरी चालेल."

तो आणखीच घाबरला. "इतकं स्वस्त? मग तुमच्याकडे नसतं काय काय?"

ते सांगायचं टाळून मी त्याच्या तोंडात थर्मामीटर दिला. भूलतज्ज्ञ नव्हता, कंपाउंडर ईथर द्यायचा. रक्त लागलं तर नगर गाठायचं.

दुपारी तो हसत म्हणाला, "बघा, थांबलं!" अ‍ॅनचा चेहरा खुलला. मी त्याचं मनगट धरलं. नाडी पळत होती. सुजलेलं अपेंडिक्स फुटलं, की ताण जाऊन थोडा वेळ बरं वाटतं. मग विष पोटभर पसरतं. मी दोघांना हे स्पष्ट सांगितलं.

"नगरला नेलं तर?" अ‍ॅनने विचारलं.

"वाटेत काही झालं, तर जीपमध्ये मी काय करणार?"

डेव्हिड थरथरत होता. दवाखान्यातल्या आया रखमाबाईंनी त्याचा हात धरला. "भिऊ नगं लेकरा, मी हाय हितं." त्याला एक शब्द कळला नाही, पण त्याने हात सोडला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "करा."

पोटात पू भरला होता. मी तो काढत असतानाच कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर, श्वास मंदावलाय!"

"मास्क काढ. हनुवटी वर धर."

माझे हात हवेतच थांबले. ओठ निळसर दिसू लागले होते. मग छाती एकदा हलली. पुन्हा हलली. उरलेलं काम मी घाईघाईने उरकलं, आणि बाहेर येऊन बाकावर बसलो.

ताप बरेच दिवस रेंगाळला, पण तो उठला. बिल पाहून म्हणाला, "हे एका दिवसाचं ना?"

"सगळ्याचं."

टाके धरून तो हसला, आणि हसता हसता रडला.

तेव्हापासून पोटाला हात लावण्याआधीच मी पेशंटला खर्च सांगतो. आणि आमच्याकडे काय नाही, तेही.