ऑर्फा टीग आणि निळा प्रेस

ऑर्फा टीगला रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला, ते सगळ्यात आधी मला कळलं. ती माझ्या टायरच्या दुकानात पिकअपचं पुढचं चाक बदलून घेत उभी होती. फोनकडे बघून तिने अशी किंकाळी फोडली की माझ्या हातातून पाना निसटला.

"डेल्मर! लागला! अरे, लागला!"

"काय लागलं? कुठे?" मी तिच्या हातापायांवर रक्त शोधू लागलो.

"परवाना लागला, मेल्या! मेंढ्याचा!"

आणि साठी कधीच ओलांडलेली ती बाई माझ्या दुकानात, ग्रीसने माखलेल्या फरशीवर, चक्क नाचायला लागली. मीही नाचलो. दुसरं काय करणार? आमच्या विंड रिव्हरच्या खोऱ्यात हा परवाना सोडतीने निघतो आणि मूठभरांनाच मिळतो. ऑर्फा लग्नाच्या आधीपासून दर वर्षी अर्ज भरत होती. शाळेची बस चालवता चालवता तिने इथल्या पोरांना लहानाचं मोठं होताना पाहिलं, मग त्यांच्याही पोरांना शाळेत सोडलं, नवरा गेला, नोकरी संपली, आणि दर मे महिन्यात तिकडून एकच उत्तर यायचं, या वर्षी नाही. तिची धाकटी बहीण नेडीन म्हणायची, "आता तो मेंढाच तुझी वाट बघून म्हातारा झाला असेल गं!"

आनंद ओसरायच्या आतच अडचण उभी राहिली. ऑर्फाला जायचं होतं ते वडिलांची जुनी रायफल घेऊन. त्यांनी तिला नेम धरायला शिकवलं ते त्याच रायफलीवर. पण त्या मापाची काडतुसं दुकानात मिळायची बंद झाली होती. दुकानदार म्हणाला, "नवी रायफल घे ना, ऑर्फा."

"नवा दुकानदार बघू का?" ती म्हणाली आणि बाहेर पडली.

तिच्याकडे वडिलांनी जपून ठेवलेली रिकामी पितळी काडतुसं होती, त्यांचे साचे होते, वजनकाटा होता. काडतुसाच्या बुडाशी बसवायची, दारूला ठिणगी देणारी ताजी टोपी, ताजी बंदुकीची दारू आणि गोळी विकत मिळत होती. हे सगळं एकत्र बसवायला लागतो तो हाताचा प्रेस. बिडाची भक्कम चौकट, मधोमध वरखाली होणारा दट्ट्या आणि तो उचलायला लांब हँडल. वडिलांचाही असा एक प्रेस होता.

"तो कुठे आहे?" मी विचारलं.

ऑर्फाचा चेहरा पडला. "नेडीनकडे."

आम्ही गेलो तेव्हा नेडीन अंगणात झाडांना पाणी घालत होती. प्रेस फुलांच्या वाफ्यात उभा होता, आकाशासारखा निळा रंगवलेला. त्याच्या डोक्यावर जिरेनियमची कुंडी होती आणि हँडलला बागेतले हातमोजे वाळत घातले होते.

ऑर्फाने त्या निळ्या हँडलवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "नेडीन, तू बाबांच्या प्रेसला रंग दिलास?"

"दोन हात दिलेत. छान दिसतो की नाही?"

"दट्ट्यालासुद्धा?"

"दट्ट्या म्हणजे कुठला? मधला दांडा? त्याला तर तीन हात दिलेत. तो फार काळाकुट्ट दिसत होता."

"अगं, तो यंत्राचा जीव असतो! तिथे केसाएवढीसुद्धा जागा नसते, आणि तू त्यावर रंगाचे थर चढवलेस?"

"मग माझ्या दारात कशाला टाकून गेली होतीस? मला वाटलं, भंगार आहे. माझी कुंडी कुठे ठेवू आता?"

"माझ्या डोक्यावर ठेव!"

कुंडी शेवटी पायरीवर गेली आणि प्रेस माझ्या दुकानात आला. नेडीनही आली. बोलावलं कुणी नव्हतं, पण घरी बसून तिला चैन पडलं नसतं.

प्रेस मी पकडीत घट्ट आवळला आणि हँडल ओढलं. ढिम्म हललं नाही. ऑर्फाने अंगाचा भार टाकला तरी तेच. दट्ट्या वर असताना रंगवलेला होता, तसाच वर अडकून बसला होता. खालच्या सांध्यांत माती, वाळलेली पानं, कोळ्याची जाळी. ऑर्फाने हातोडा उचलला.

"ठेव खाली!" मी ओरडलो. "एक घाव चुकला तर बीड तडकेल."

"मग काय आरती ओवाळू त्याची?"

"धीर धर."

धीर आणि ऑर्फा यांचं कधी पटलं नव्हतं. तरी तिने धरला. सांध्यांत गंज सोडवायचं तेल सोडलं, ते मुरू दिलं. पिना एकेक करून ठोकून काढल्या, हँडल सुटं केलं. रंग काढायचं औषध लावल्यावर तो निळा रंग सुरकुतून सालीसारखा उठला. दट्ट्यावरचा रंग मात्र आम्ही खरवडला नाही. औषध लावायचं, फडक्याने पुसायचं, पुन्हा लावायचं. नेडीनला गप्प बसवेना, तिने एक फडकं ओढून घेतलं आणि ती पुसायला लागली. आणि मग तीच म्हणाली, "ए, हे बघ गं."

रंगाखाली दट्ट्या आरशासारखा चमकत होता. गंजाचा ठिपका नाही. चौकटीवर, सांध्यांवर, जिथे जिथे रंग उडाला होता तिथे गंजाने खड्डे पाडले होते. पण दट्ट्यावरच्या तीन थरांनी आमच्याकडचे हिवाळे बाहेरच थोपवून धरले होते.

ऑर्फा वाकून बघत राहिली. नेडीन कमरेवर हात ठेवून उभी. "म्हण. मोठ्याने म्हण."

"काय म्हणू?"

"तुला माहीत आहे काय म्हणायचं ते."

"नेडीन, तू मूर्ख आहेस," ऑर्फा म्हणाली, "आणि देव तुझं भलं करो." आणि तिने बहिणीला असं कवटाळलं की दोघींच्या कपड्यांना निळा चिखल लागला.

मी खालून लाकडाचा ठोकळा लावून हलकेच दाब दिला. दट्ट्या करकरला, थोडा सरकला, आणि मग एकदम सुळकन निघून माझ्या हातात आला. आम्ही तिघेही ओरडलो. रस्त्यावरून जाणारा एकजण ट्रक थांबवून विचारायला आला, कुणाला लागलं का म्हणून.

दट्ट्याच्या पोकळीत वडिलांच्या वेळची काजळी होती, उडालेल्या टोप्यांमधून पडलेली, बारीक रेतीसारखी खरखरीत. ती तशीच राहिली तर दट्ट्या आणि चौकट दोन्ही झिजवते. ऑर्फाने ओल्या फडक्याने, मग ब्रशने, मग काडीला कापूस गुंडाळून ती कोपऱ्याकोपऱ्यातून काढली. मी मधेच नेडीनने घरून आणलेल्या केकला हात लावला तर ऑर्फाने फटका दिला. "आधी हात धू! त्या काजळीत शिसं असतं. बाबा आम्हाला साबण लावल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ द्यायचे नाहीत."

मग सगळं पुन्हा जोडलं. ऑर्फाने तेलाची बुधली हातात घेतली आणि प्रेमाने, अगदी सढळ हाताने तेल सोडलं. हँडल खाली गेलं, दट्ट्या वर आला. आवाज नाही, अडथळा नाही. ती हँडल खालीवर करत राहिली, लहान मुलीने पाळणा हलवावा तशी, आणि हसत राहिली.

वडिलांच्या पुस्तकातली मापं तोलून तिने काडतुसं भरली आणि आम्ही खडीच्या जुन्या खाणीत नेम धरायला गेलो. पहिलं काडतूस उडालं, गोळी समोर लावलेल्या पुठ्ठ्याच्या अगदी मधोमध. दुसरंही तिथेच. तिसऱ्याला नुसतं टक्.

ऑर्फाने रायफल तशीच समोर रोखून धरली, बराच वेळ. कधी कधी बार उशिरा उडतो. काहीच झालं नाही. तिने काडतूस काढलं. 

"डोंगरावर असं झालं तर?"

"तिथे झालं नाही, इथे झालं. चल दुकानात."

प्रेससमोर उभं राहिल्याबरोबर तिच्या लक्षात आलं. दट्ट्यावरून ओघळलेलं तेल खाली, टोपी बसवायच्या वाटीत साचलं होतं. टोपीला तेल लागलं की तिच्यातला मसाला मरतो. "मी!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "मीच बुडवलं त्याला तेलात! नेडीनला कळलं तर मेल्यावरसुद्धा ऐकवेल."

"मला कळलंय," दारातून नेडीन म्हणाली.

ऑर्फाने प्रेस पुन्हा खोलला. या वेळी चौकट पुसली, वाटी कोरडी ठाक केली, दट्ट्याला फक्त फडक्यावरचं तेल दाखवलं, आणि भरलेली सगळी काडतुसं बाजूला काढून नवी भरली. पुन्हा खाणीत गेलो. एकही वाया गेलं नाही. शेवटच्या बाराला तिने डोक्यावरची टोपी हवेत उडवली आणि ती खाणीतल्या डबक्यात पडली.

सप्टेंबरात आम्ही वर गेलो, ती, मी आणि माझ्या दोन घोड्या. मुक्काम झाले, गारा झाल्या, एका खिंडीत वाऱ्याने आमचा तंबू दरीत नेला. मेंढ्या दिसायच्या, पण पिल्लांबरोबरच्या माद्या. मग एका सकाळी झाडीच्या वरच्या उघड्या उतारावर ऑर्फाने दुर्बीण डोळ्याला लावली आणि माझी बाही खेचली. एक मोठा नर मेंढा एकटाच बसला होता. शिंगं गालांवरून वळून पुन्हा डोळ्यांपर्यंत आलेली.

आम्ही पोटावर सरपटत गेलो. तिने माझी पिशवी पुढे ठेवून त्यावर रायफल टेकवली. मेंढा उठला, आळस दिला, आणि आमच्याकडे आडवा वळला. 

बार झाला. मेंढा एकदा उंच उसळला, दोन ढांगा टाकल्या आणि बसल्यासारखा खाली गेला.

ऑर्फाने रायफल तशीच रोखून ठेवली. मग हळूच म्हणाली, "डेल्मर, झालं का रे?"

"झालं!"

मग तिने फोडलेली आरोळी समोरच्या कड्यावर आदळून परत आली, आणि माझी एक घोडी दावं तोडून पळाली. तिला शोधण्यात आमची दुपार गेली, पण मी एका शब्दानेही कुरकुरलो नाही.

घरी परतल्यावर नेडीनने मेंढ्याचं मटण बटाटे घालून शिजवलं आणि अर्धी गल्ली जेवायला बोलावली. ऑर्फा गोष्ट सांगायला लागली. आधी बसून, मग उभी राहून, मग खुर्चीवर चढून, मेंढा कसा उसळला ते दाखवायला.

"उतर खाली, पडशील!" नेडीन ओरडली.

"थांब गं, अजून बार व्हायचाय!" ऑर्फा म्हणाली आणि तिने लाकडी डाव खांद्याला लावला.