घरबसल्या शनी

आकाशावर माझ्या सासऱ्यांइतका हक्क सांगणारा माणूस कोल्हापुरात तरी दुसरा झाला नसेल. गुळाची अडत हा त्यांचा पिढीजात धंदा. पण मार्केट यार्डातला सौदा उरकला की उरलेला दिवस ते गच्चीवरच्या दुर्बिणीच्या नावानं काढत. दुर्बीण बंबाएवढी जाड होती. गल्लीतली माणसं तिला तोफ म्हणत. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून सासूबाईंची एक चांगली इरकल साडी तिच्या अंगावर कायमची गेली होती, आणि सासूबाई ते काही विसरल्या नव्हत्या. मृगाचे तारे उगवायला जरा उशीर झाला असं वाटलं, की कामावर उशिरा आलेल्या हमालाकडे बघावं तसे मामंजी पूर्वेकडे बघत.

त्यांच्या तावडीतून पाहुणा सुटत नसे. माझे आईवडील सांगलीहून पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा ताटं वाढून झाली होती, कटाच्या आमटीला वाफ येत होती, आणि मामंजी म्हणाले, "पावणं, पोळी काय पळून जात न्हाय. गुरू खाली चाललाय, आधी वर चला." माझे वडील दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढले, गुरूचे चंद्र बघितले, मग त्या चंद्रांची माहिती ऐकली, आणि खाली येईतो आमटी गार झाली होती. निघताना ते मला हळूच म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे गं. पण पुढच्या खेपेला ढगाळ दिवस बघून येतो."

दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांची दोन स्नेही माणसं गच्चीवर जमत. एक फोटो स्टुडिओवाले काका आणि एक टायपिंग क्लास चालवणाऱ्या बाई. या तिघांचं मिळून एक खगोल मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष मामंजी, कारण दुर्बीण त्यांची. आणि चहा माझा.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्या हिवाळ्यात मामंजी जरा जास्तच विक्षिप्त वागू लागले होते. रोजचा पेपर ते मला मोठ्यानं वाचायला लावत. "तुझा आवाज बरा हाय," म्हणत. सौद्यात गुळाचा रंग बघायच्या ऐवजी रव्याचा, म्हणजे ढेपेचा, वास घेऊन भाव सांगत. यार्डातल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं नवी विद्या काढली. दुर्बिणीवर तर त्यांचा रोजचा राग. आरशाला बुरशी आलीय म्हणत, गुऱ्हाळांचा धूर आलाय म्हणत. कहर म्हणजे भर जानेवारीत त्यांना चंद्राला रोज खळं दिसायला लागलं. "मोठं खळं पडलंय. अवकाळी येणार, झाकून घ्या रं," असं त्यांनी गूळ घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना सांगितलं. कागलच्या एका बिचाऱ्यानं घरच्या गुऱ्हाळावर ताडपत्री टाकून आठवडाभर राखण केली. पावसाचा थेंब पडला नाही. तो शेतकरी येऊन म्हणाला, "मालक, तुमचं खळं आमास्नी का दिसंना?" त्यावर मामंजी म्हणाले, "बघायला नजर लागती."

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

त्याच सुमारास टीव्हीवर जाहिरात यायला लागली. बातम्यांची नवी नवी चॅनेलं तेव्हा उगवत होती, त्यांतल्या एकानं ठरवलं होतं की एका संध्याकाळी मोठ्या दुर्बिणीतून आकाश थेट दाखवायचं. जाहिरातीतली मुलगी गोड आवाजात म्हणायची, "पाहा, घरबसल्या शनी!"

मामंजी खवळले. "घरबसल्या शनी? अगं, शनी घरात बसू नये म्हणून माणसं दर शनिवारी तेल घालत्यात!" खगोल मंडळाची तातडीची बैठक झाली. टायपिंगच्या बाईंचं म्हणणं, चार माणसांना गोडी लागली तर बरंच. स्टुडिओवाल्या काकांना चॅनेलवाल्यांचा कॅमेरा कोणता ते बघायचं होतं. मामंजी म्हणाले, "आभाळ टीव्हीवर बघायचं, तर मग जेवान बी टीव्हीवरच करा की." पण मतं दोनास एक पडली, आणि टीव्ही आमचाच मोठा. त्यामुळे त्या संध्याकाळी अध्यक्ष स्वतःच्याच सोफ्यावर, तोंड वाकडं करून, विरोधी पक्षनेत्यासारखे बसले.

आधी बरीच बडबड झाली. मग पडदा काळा झाला आणि मधोमध शनी आला. सोनेरी, आणि भोवती ते कडं, इतकं रेखीव की सासूबाईसुद्धा लाटणं हातात घेऊन दारात थबकल्या. "शिवशिवा, कुणी घडवलं असंल हे!" त्या म्हणाल्या.

"काय घडवलंय?" मामंजी म्हणाले. "भाकरीगत गोळा हाय नुसता. कडं कुठाय? ह्यास्नी फोकस जमत न्हाय."

"मालक, फोकस एक नंबर हाय की," स्टुडिओवाले काका म्हणाले. "कड्यातली काळी फट बी दिसालीय."

"कुठाय फट? मस्करी करतोस व्हय?"

काका पुढं बोलणार होते, पण त्यांनी मामंजींकडे बघितलं आणि गप्प बसले. मामंजी पुढं वाकून, डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होते, आणि त्यांचा हात सोफ्याच्या काठावर घट्ट आवळलेला होता. पेपर, गुळाचा वास, ते खळं, सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात एका ओळीत आलं. बाईंच्याही आलं असावं. त्यांनी उठून टीव्हीचा आवाज कमी केला. मामंजी उठले, जिन्याचा कठडा चाचपत वर गेले.

मी मागोमाग गेले. ते दुर्बिणीजवळ उभे होते, तिच्यावरची साडीही काढली नव्हती.

"मामंजी, कधीपासून दिसत नाही?"

त्यांनी दुर्बिणीवरच्या साडीची घडी सारखी केली. मग म्हणाले, "गणपतीपासनं. आमच्या वडलांचं, आप्पांचं बी असंच धुक्यानं सुरू झालंतं. शेवटची वर्सं पेढीवर बसून नुसतं गुळावर हात फिरवायचे. काचबिंदू. घरात कुणाला सांगू नगंस, पोरी."

"डॉक्टरांना तरी दाखवायचं."

"डॉक्टरनं सांगितलं की खरं हुतं. तवर आपलं धुकंच हाय म्हणायचं."

आयुष्यभर सौद्यात मोठ्या आवाजात भाव फोडणारा माणूस इतक्या बारीक आवाजात बोलताना मी ऐकला नव्हता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही.

मी ऐकलं नाही, रात्रीच सासूबाईंना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात. मामंजी बळी द्यायला नेल्यासारखे बसलेले, सासूबाईंचा जप चाललेला. डॉक्टरांनी एकेक डोळा तपासला, थेंब टाकले, दाब मोजला, पुन्हा तपासलं. शेवटी खुर्ची मागं सरकवत ते म्हणाले, "काका, काचबिंदू वगैरे काही नाही. साधा मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे चांगला पिकलाय."

मामंजींनी एक लांब श्वास सोडला. मग त्यांच्यातला अडत्या जागा झाला. "पिकलाय व्हय? मग काढा की आता, ठेवून काय भाव चढणार हाय?"

सासूबाई तिथंच, बाकड्यावर, पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. इतके दिवस त्याही घाबरलेल्या होत्या. मामंजींकडून चहा कपाबाहेर ओतला जाताना रोज त्याच तर बघत होत्या. फक्त त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. घरी येताना त्यांनी रिक्षा मिठाईच्या दुकानापाशी थांबवली आणि गल्लीत सगळ्यांना पेढे वाटले. लोकांना वाटलं, आमच्याकडे पुन्हा पाळणा हलला.

मामंजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की लोक तोफ आठवतात, अवकाळीचं भाकीत आठवतात. मला मात्र दोन्ही ऑपरेशनं झाल्यानंतरची एक संध्याकाळ आठवते. काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली होती. अंधार पडल्या पडल्या मंडळाची माणसं गच्चीवर आली. स्टुडिओवाल्या काकांनी शनी लावून दिला आणि बाजूला झाले. मामंजींनी डोळा लावला. आम्ही ते काय बोलतात याची वाट बघत उभे. शनी दुर्बिणीतून सरकला की नळी जरा ढकलायची, पुन्हा डोळा लावायचा, एवढंच चाललेलं. एकदा फक्त, कुणाला म्हणून नव्हे, म्हणाले, "मला वाटलंतं, संपलं."

खालून सासूबाईंच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज येत होता. माझ्या हातातला चहा निवून गेला. एरवी पाच मिनिटांच्या नंबरावरून हातघाईवर येणारी ती माणसं कठड्याला टेकून शांत उभी होती. बऱ्याच वेळानं मामंजींनी मान वर केली. "अरं, तुमी बघा की."

"असू दे, मालक," काका म्हणाले. "आमी बघतोयच."

आणि ते आकाशाकडे बघत नव्हते.